तारेवर बसलेला तो कोण? प्रवासात दिसलेला अनोळखी पक्षी कसा ओळखावा

ऑक्टोबर महिना, पुणे-सोलापूर रस्ता, भिगवण नुकतंच मागे पडलेलं. विजेच्या तारेवर एक मळकट तपकिरी पक्षी बसला होता. मान वळवून कुणी बघावं असं त्याच्यात काही नव्हतं. तेवढ्यात तो खाली झेपावला आणि पंख उघडताच निळाच निळा झाला. गाडीत लगेच वाद सुरू झाला. एक म्हणे तपकिरी, दुसरा म्हणे निळा. खरं तर दोघांचंही बरोबर होतं, पण पक्ष्याचं नाव काही कुणाला सांगता येईना.

१. आधी नुसतं बघा

पक्षी दिसला की हात मोबाइलकडे जातो. कॅमेरा उघडून झूम करेपर्यंत पक्षी उडालेला असतो आणि फोटोत नुसती तार येते. म्हणून तो समोर आहे तोवर डोळे त्याच्यावरून काढू नका. गाडी रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी थांबवा, पण दार उघडू नका. थांबलेल्या गाडीला पक्षी फारसे बिचकत नाहीत, माणूस खाली उतरला की मात्र उडतात.

२. आकार ओळखीच्या पक्ष्याशी ताडून बघा

सेंटिमीटरचा अंदाज सगळ्यांचाच चुकतो. सलीम अलींनी वाचकांना दिलेली मोजपट्टी सोपी आहे: चिमणी सुमारे १५ सेंटिमीटर, बुलबुल २०, साळुंकी २३, कबुतर ३३, कावळा ४३ आणि घार ६१. ‘साळुंकीपेक्षा मोठा, कावळ्यापेक्षा लहान’ एवढं म्हणता आलं तरी निम्मे पक्षी बाद होतात. आमचा पक्षी साधारण कबुतराएवढा होता, पण डोकं मोठं आणि मान आखूड.

३. रंगाआधी चोच, शेपटी, पाय

रंग फसवतो. पक्ष्याच्या मागे सूर्य असला की पोपटही काळा दिसतो. चोच मात्र सहसा फसवत नाही. दाणे टिपणाऱ्याची ती जाड आणि आखूड असते, मासे पकडणाऱ्याची लांब आणि टोकदार, शिकाऱ्याची आकडीसारखी. शेपटी दुभंगलेली आहे का, पाय किती लांब आहेत, हेही बघून घ्या. त्यानंतर रंगाकडे वळा, तेही तुकड्या-तुकड्यांनी: डोकं, गळा, छाती, पोट, पाठ. उडताना पंखावर पट्टा दिसला तर तो हमखास लक्षात ठेवा.

४. तो काय करतोय?

बऱ्याचदा पिसांपेक्षा सवयच जास्त सांगून जाते. जमिनीवर तुरुतुरु चालत शेपटी सतत वरखाली करणारा बहुधा धोबी. खोडाला उभा चिकटून वर सरकणारा सुतार असण्याची शक्यता मोठी. आमचा गडी तारेवरून जमिनीवर उतरे, किडा उचले आणि पुन्हा वर येऊन बसे.

५. लगेच लिहा

जागा, तारीख, वेळ, आसपास काय होतं (ज्वारीचं शेत, पाणथळ, जंगल) आणि वर बघितलेलं सगळं टिपून ठेवा. वेडंवाकडं चित्र काढून त्याला बाण जोडले तरी चालतं. अर्ध्या तासाने आठवलेल्या पक्ष्याला, न पाहिलेली पिसं फुटू लागतात!

६. आता उमेदवार कमी करा

इथे मर्लिन हे मोफत ॲप कामाला येतं. ठिकाण, तारीख, आकार, मुख्य रंग आणि पक्षी काय करत होता, एवढं विचारून ते संभाव्य पक्ष्यांची यादी देतं. घाटात रेंज नसते, म्हणून भारतातल्या पक्ष्यांचा संच घरूनच डाउनलोड करून निघा. ठिकाण नीट भरलं नाही, तर भलत्याच देशाचा पक्षी गळ्यात पडतो. आवाजावरून ओळखायचं असेल तर जास्तच सावध राहा. भृंगराज इतर पक्ष्यांच्या इतक्या हुबेहूब नकला करतो की ॲपला तीन-चार पक्षी ऐकू येतात आणि झाडावर तो एकटाच असतो.

आमच्यापुढे तीन नावं उरली. खंड्याही निळा असतो आणि पाण्यापासून दूर तारेवर बसतो, पण त्याची लांब लाल चोच आणि पांढरीशुभ्र छाती लपत नाही. तो बाद. उरले दोन नीलपंख, एक आपला भारतीय आणि दुसरा युरोपीय. हा दुसरा नेमका पावसाळा सरताना आफ्रिकेकडे जाताना आपल्याकडून जातो, म्हणून ऑक्टोबरात त्याला लगेच नाकारता येत नाही. युरोपीय नीलपंखाचं डोकं आणि छाती सलग फिकट निळी असते, तर उडताना पंखांची कडा काळपट दिसते. भारतीय नीलपंखाची छाती तपकिरी, गळ्यावर फिकट रेघा आणि पंखांत गडद व फिकट निळ्याचे पट्टे. वहीत ‘छाती विटकरी-तपकिरी, पंखात दोन निळे’ असं लिहिलेलं होतं. वाद मिटला. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात, तोच हा पक्षी.

७. तरीही जमलं नाही तर

मादी आणि पिल्लू यांचा विचार करा. कोकिळेची तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांची मादी पाहून ‘नवीनच पक्षी’ म्हणणारे मी कितीतरी पाहिलेत. काळा असतो तो नर. गावातल्या माणसांनाही जरूर विचारा, फक्त एका पक्ष्याला अनेक नावं असतात हे ध्यानात ठेवा. भारद्वाजच कुठे सोनकावळा होतो, कुठे कुंभारकावळा. आणि वेडा राघू हा पोपट नव्हे, माश्या-किडे पकडणारा चिमुकला हिरवा पक्षी.

फोटोसाठी घरट्याजवळ जाऊ नका आणि पक्षी बाहेर यावा म्हणून मोबाइलवर त्याचा आवाज वाजवू नका. विणीच्या दिवसांत, प्रतिस्पर्धी आला या समजुतीने तो घरटं सोडून धावत येतो.

एवढं करूनही काही पक्षी राहतातच. माझ्या वहीत आंबोलीतला एक आहे: ‘चिमणीएवढा, हिरवट, सतत हालचाल, पाऊस.’ पुढे प्रश्नचिन्ह.