दार फुगलं, फरशी उचलली, भिंत तडकली: दुरुस्तीआधी या चुका टाळा

जुलैत दार चौकटीत अडकायला लागलं की घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं, "दार फुगलंय." ते खरंच असतं. चूक पुढे होते. "उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात, थंडीने आकुंचन पावतात" हे शाळेत पाठ केलेलं सूत्र आपण घरातल्या प्रत्येक फुगण्या-आकसण्याला लावतो. दार उन्हाने फुगत असतं तर ते मे महिन्यात अडकलं असतं. तेव्हा ते एका बोटाने लागतं, आणि हवा गार झाल्यावर जुलैत अडकतं. लाकूड फुगतं ते मुख्यतः ओलाव्याने.

ऊन, ओलावा, सिमेंटचं वाळणं आणि सळईचा गंज या चारही गोष्टींना आपण सरसकट फुगणं-आकसणं म्हणतो. उपाय मात्र चौघांचे वेगळे.

भर पावसात रंधा मारून घेणं

ही चूक मी स्वतः केली आहे. सुतार सांगत होता, "ताई, दिवाळीपर्यंत थांबा." मी थांबले नाही. मार्चमध्ये दार आणि चौकट यांच्यात बोट जाईल एवढी फट पडली आणि शेवटी कडेला नवी पट्टी ठोकावी लागली.

लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही. बदलतं ते रुंदीत. ९० सेंटिमीटर रुंदीचं, फळ्या जोडून केलेलं सागवानी दार ओलाव्यात ५ टक्क्यांचा फरक पडला तर अर्धा सेंटिमीटर किंवा त्याहून थोडं जास्तही वाढू शकतं. म्हणून पावसाळ्यात दार जिथे घासतं तिथे पेन्सिलने खूण करा, मेणबत्ती घासून वेळ निभवा. हिवाळ्यातही त्याच जागी घासत असेल तरच रंधा. आणि दाराच्या वरच्या आणि खालच्या कडेला रंग किंवा पॉलिश लावलं आहे का ते बघा. त्या कडा कोऱ्या राहतात, आणि लाकूड पाणी सर्वांत वेगाने पितं ते तिथूनच.

जुन्या पद्धतीच्या पॅनेलच्या दारात मधली फळी खाचेत मोकळी बसवतात ती याच कारणाने. ती हलते म्हणून खिळा किंवा गोंद लावून पक्की केली, की फळी तडकलीच समजा.

ढिला दांडा पुन्हा पुन्हा पाण्यात बुडवणं

कुऱ्हाडीचा दांडा हलायला लागला की रात्रभर पाण्यात ठेवायचा, हे खेड्यात सगळ्यांना माहीत आहे. एकदा गरज भागते. पण लोखंडाच्या घट्ट भोकात फुगायला जागा नसल्याने लाकडाचे तंतू दबतात, आणि वाळल्यावर दांडा आधीपेक्षा ढिला होतो. पाचर ठोका, तोच टिकाऊ उपाय.

बैलगाडीच्या चाकात तर फुगण्याचे दोन्ही अर्थ, उष्णतेचा आणि ओलाव्याचा, एकत्र दिसतात. धाव, म्हणजे चाकाभोवतीचं लोखंडी कडं, बसवताना लोहार ती तापवतो. लोखंड पसरतं, कडं मोठं होतं, आणि पाणी ओतलं की चाकाला आवळून बसतं. (तापल्यावर कड्याच्या आतली जागा लहान होते असं अनेकांना वाटतं. ती मोठीच होते, नाहीतर धाव चढलीच नसती.) पुढे उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसतं आणि तीच धाव सैल पडते.

उचललेल्या फरशीचा दोष फक्त उन्हाला देणं

दिवाणखान्यातल्या टाइल्स अचानक तंबूसारख्या वर येतात, तेव्हा सगळे म्हणतात, "उन्हाने फुगल्या." ऊन हे एक कारण असू शकतं, पण नव्या इमारतीत बऱ्याचदा खालचा स्लॅब आकसलेला असतो. काँक्रीट वाळताना आकुंचन पावतं, आय.एस. ४५६ या भारतीय मानकात त्यासाठी ०.०००३ हे ढोबळ प्रमाण दिलं आहे, म्हणजे १० मीटरला ३ मिलिमीटर. व्हिट्रिफाइड टाइल तशी आकसत नाही. खालची जमीन लहान होते, वरची फरशी तेवढीच राहते, आणि टाइलला टाइल चिकटवून बसवली असेल तर ती वरच जाणार.

तेव्हा उचललेल्या टाइल्स पुन्हा तशाच घट्ट बसवून घेऊ नका. दोन टाइल्समध्ये २-३ मिलिमीटर सांधा ठेवा, भिंतीलगत स्कर्टिंगखाली झाकली जाईल अशी फट ठेवा, आणि ती फट सिमेंटने बुजवू देऊ नका. टाइलवर नाण्याने टकटक करून पोकळ आवाज येतो का, तेही ऐका.

प्रत्येक चिरेत व्हाइट सिमेंट भरणं

चीर बुजवण्याआधी तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने रेघ आणि तारीख टाका, रुंदी लिहून ठेवा, आणि वर्षभर बघा.

गच्चीच्या स्लॅबखाली वरच्या मजल्यावर आडवी चीर असेल आणि ती दुपारी-पहाटे बदलत असेल, तर ते उन्हाचं काम आहे. तिथे कडक सिमेंट टिकत नाही. ताणला जाणारा सीलंट हवा, आणि गच्चीवर ऊन परतवणारा पांढरा थर.

प्लास्टरवर जाळीसारखे बारीक तडे असतील, ते वाढत नसतील, तर ते वाळण्याचे आहेत. बुजवा आणि रंगवा. नव्या कामात ते टाळायचे तर पाणी मारण्यात कसर नको: काँक्रीटला साध्या सिमेंटसाठी किमान ७ दिवस, कोरड्या कडक उन्हात किंवा राख किंवा स्लॅग मिसळलेल्या सिमेंटसाठी १० दिवस.

चीर तिरकी असेल, उन्हाळ्यात रुंदावत असेल, पावसात मिटत असेल आणि घर काळ्या मातीवर असेल, तर दोष भिंतीचा नाही. मेमध्ये शेताला भेगा पडतात तशाच पायाखाली पडत आहेत. पायालगत पाणी मुरू न देणं, घराभोवती फरसबंदी करणं इथून सुरुवात होते. नवं बांधत असाल तर काळी माती काढून मुरूम भरणं किंवा खाली फुगवटा असलेले पाइल (जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब) घेणं हे इंजिनिअरकडून ठरवून घ्या.

वर्षभर थांबा म्हटलं, त्याला एकच अपवाद. सळईच्या रेषेत सरळ चीर, तिच्यावर तपकिरी डाग, आणि ठोकल्यावर बद्द आवाज. कोकण किनाऱ्यावर आणि मुंबईत हे फार दिसतं. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो आणि काँक्रीटला आतून फोडतो. ही चीर कुठल्याच ऋतूत मिटत नाही. त्या कॉलमवर पुट्टी न लावता याच आठवड्यात इंजिनिअरला बोलवा.