स्टँडअपमध्ये टीम गप्प असेल तर

हिंजवडीतल्या आमच्या टीममध्ये स्टँडअप, म्हणजे कामाचा आढावा घ्यायची रोजची छोटी मीटिंग, नुसती हजेरी झाली होती: काल काय, आज काय, अडचण नाही. सगळे मॅनेजरकडे बघून बोलायचे. (स्क्रम या टीमने काम करायच्या पद्धतीच्या अधिकृत गाइडच्या २०२० च्या आवृत्तीतून हे तीन प्रश्न गेले, तरी लोक सोडत नाहीत.)

उपाय असा. माणसांऐवजी कामांचा बोर्ड वाचायचा, तोही उजवीकडून, म्हणजे जे संपत आलंय तिथून. 'हे आज संपवायला कोण हात लावतंय?' एवढंच विचारायचं. २ दिवसांहून मोठं काम तोडायचं. मोठ्या कामात पुढे सरकल्याचं दिसतच नाही, उत्साह तिथेच मरतो. एकाकडे एका वेळी दोनच कामं. ती वाटायची नाहीत, ज्याची त्याने उचलायची. इथे गोची होते: सोपी पटापट उचलली जातात, किचकट तळाशी पडून राहतात. म्हणून किचकट काम जोडीने, एक जुना आणि एक नवा.

सकाळी ९ ची वेळ नकोच. भूमकर चौकात अडकलेला माणूस फोनवर नुसतं 'हो हो' म्हणतो. सव्वाअकराला, १५ मिनिटं.

कौतुकही नेमकं हवं. 'छान काम' नको. 'तू आधी सिस्टिमच्या नोंदी (लॉग) तपासलेस म्हणून रिलीज फसलं नाही' असं, सगळ्यांसमोर.