पीएचडीतली ‘लवचिक’ वेळ: लॅब निवडण्याआधी वाचा

पीएचडीला हजेरीपट नसतो, सकाळी अकराला पोहोचलात तरी गाईड काही बोलत नाहीत, हे ऐकून संशोधनाकडे वळणारे पुष्कळ जण असतात. ते खोटे नाही. मात्र ही मोकळीक विषयागणिक बदलते. सैद्धांतिक भौतिकशास्त्राची आकडेमोड मध्यरात्री घरी बसून करता येते, पण खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवरून निरीक्षण करायचे असेल, तर आकाशातला स्रोत क्षितिजाच्या वर येईल तीच आपली वेळ.

मी पुण्यात फळमाशांवर, म्हणजे ड्रोसोफिलावर, काम करते. संकरासाठी नराशी संयोग न झालेली मादी लागते, आणि २५ अंश सेल्सिअसला कोशातून बाहेर आल्यावर जेमतेम ८ तासच तिच्याबद्दल खात्री देता येते. म्हणून सकाळी माशा वाढवायच्या बाटल्यांतल्या सगळ्या माशा काढून त्या रिकाम्या करायच्या, दुपारी नव्या माद्या वेचायच्या आणि संध्याकाळी पुन्हा तेच. फिकट अंग आणि पोटातून दिसणारा काळसर ठिपका ही ताज्या माशीची खूण नजरेत बसली की वेचणी अवघड राहत नाही. खरा सापळा दोन वेचण्यांमधल्या तासांचा आहे. ते तास कागदावर मोकळे दिसतात, पण त्यांत ना धड लेखन होते ना धड विश्रांती. चहा आणि गप्पांत ते संपतात, रात्रीचे नऊ वाजले तरी आपण लॅबमध्येच असतो, आणि दिवसभर थांबूनही हातून काम अर्ध्या दिवसाचेच झालेले असते. त्यातही रविवारी लॅबमध्ये दिसणाऱ्या विद्यार्थ्याचे चारचौघांत कौतुक करणारे गाईड भेटले, तर हे वेळापत्रक कायमचे अंगवळणी पडते. असे गाईड मला मुळीच पटत नाहीत.

घाबरून जाण्याचे कारण नाही. संध्याकाळी बाटल्या पूर्ण रिकाम्या करून १८ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवल्या, तर आठ तासांची ही मुदत सुमारे १६ तासांपर्यंत लांबते आणि रात्रीच्या माद्या सकाळी निर्धास्त वेचता येतात. दुपारची फेरी सहकाऱ्याशी वाटून घ्यावी. उष्णतेचा झटका देताच नर कोशातून बाहेर येण्याआधीच मरतील, असे स्टॉकही, म्हणजे माशांचे वाणही, मिळतात. पण वेचणी हाताला बसण्याआधी त्यांच्या नादी लागू नये, असे माझे ठाम मत आहे.

रजेच्या बाबतीत गाईडच्या मर्जीवर विसंबू नका, नियम स्वतः वाचा. यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीत महिला संशोधकांसाठी पीएचडीच्या संपूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजेची तरतूद आहे, आणि ती मागताना संकोच करण्याचे काहीच कारण नाही.

मुलाखतीला जाल तेव्हा तिथल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला गाठून, दिवाळीत माशांचे स्टॉक नव्या खाद्यावर कोण बदलते, एवढे विचारा. त्याने दारावर लावलेले पाळ्यांचे वेळापत्रक दाखवले, तर खुशाल अर्ज करा. दरवर्षी एकाच ज्युनियरचे नाव पुढे येत असेल, तर दुसरी लॅब पाहा.