चाल जुनीच, जागा नवी

पोटापाण्यासाठी मी पुस्तकांची मुखपृष्ठं करते आणि सुट्टीच्या दिवशी मुलांना स्केटबोर्ड शिकवते. नवीन काही सुचेनासं झालं की काय करायचं, याची माझी पद्धत पूर्णपणे बोर्डावरून आलेली आहे. ती अशी: कल्पना शोधत बसू नका, जागा बदला. हातात असलेली एखादी पक्की चाल उचला आणि ती जिथे कुणी करत नाही तिथे करून बघा.

स्केटबोर्डिंगचा इतिहास बघा. आधीची चाकं मातीची असत आणि बारीकसा खडा आला तरी अडकत. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दीने युरेथेन या रबरासारख्या प्लॅस्टिकची चाकं आणली, बोर्ड रस्ता धरायला लागला. पुढे कॅलिफोर्नियात दुष्काळ पडला, घरांमागचे पोहण्याचे तलाव कोरडे पडले, आणि लाटांवर सर्फिंग करणारी पोरं तीच वळणं त्या गोलाकार भिंतींवर घ्यायला लागली. त्याच दशकाच्या शेवटी फ्लोरिडात अॅलन गेलफंडने उभ्या भिंतीवर हात न लावता बोर्डासकट हवेत जाणं जमवलं. त्याचं टोपणनाव ऑली, म्हणून ती उडीही ऑली. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला रॉडनी मुलनने ती सपाट जमिनीवर आणली. भिंत वेग देत होती, जमीन काहीच देत नाही, त्यामुळे त्याला उडी नव्याने घडवावी लागली. त्यानंतरच रस्त्यावरचे कर्ब, पायऱ्या, रेलिंग खुले झाले.

तर पहिलं काम: तुमची चाल कोणती ते ठरवा. आवडती नव्हे, पक्की. झोपेतून उठवलं तरी जमेल अशी. माझ्या वर्गात ज्याला नीट ढकलत जाणं आणि थांबणं येत नाही त्याला मी रॅम्पजवळ फिरकू देत नाही, कामाच्या बाबतीतही माझं मत तेच आहे. मुखपृष्ठात माझी पक्की चाल म्हणजे मोठं अक्षर: चित्र नाही, फक्त एक अक्षर पानभर.

दुसरं, जागा निवडा. यासाठी बसून विचार करू नका, चालत जा. स्केटर ज्या नजरेने रस्ता बघतो ती नजर शिकण्यासारखी आहे. इतरांना बसायचा कट्टा दिसतो, त्याला त्याची कड दिसते: दगडी आहे की सिमेंटची, गुळगुळीत आहे का, समोर धाव घ्यायला किती मोकळं आहे. तुमच्या कामात कुणी न वापरलेली कड कुठे आहे, असं विचारा. मला ती पुस्तकाच्या कण्यावर सापडली. कपाटात पुस्तक उभं असतं तेव्हा फक्त कणा दिसतो, आणि आम्ही तो शेवटी, उरलेल्या वेळात करतो. मी मोठं अक्षर कण्यावर ठेवून सुरुवात केली. ते तिथे मावेना, म्हणून अर्धं पुढच्या पानावर वळलं आणि अर्धं मागच्या. कोऱ्या पानासमोर बसून ते मला सुचलं नसतं.

तिसरं, चालीचे तुकडे करा. इथे मी सगळ्यात जास्त वेळ देते. ऑली बघताना एकच उडी वाटते, पण मागच्या पायाने शेपटीवर, म्हणजे बोर्डाच्या मागच्या टोकावर, झटका मारायचा, शेपटी जमिनीवर आपटताक्षणी तो पाय उचलायचा, आणि पुढच्या पायाच्या बाहेरच्या कडेने ग्रिप टेपवर, म्हणजे बोर्डावर चिकटवलेल्या खरखरीत पट्टीवर, घासत बोर्ड वर ओढून आडवा करायचा. माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलीचा बोर्ड सारखा उभाच राहायचा. मी तिला उडी मारायची नाही असं सांगितलं. बोर्ड गवतावर ठेवून ती फक्त पुढचा पाय घासत राहिली. बुटाच्या कडेला घासल्याची खूण योग्य जागी उमटायला लागली तेव्हा तिला काँक्रीटवर आणलं. तुमची चाल नव्या जागी बसत नसेल तर ती सगळीच्या सगळी पुन्हा करू नका. नेमका कोणता तुकडा जुन्या जागेच्या भरवशावर होता, तो शोधा.

पडणं आधी शिका. रॅम्पवर आम्ही पहिल्यांदा गुडघ्यांच्या पॅडवर घसरत खाली यायला शिकवतो, कारण ज्याला पडता येतं तोच जोर लावतो. कामातही पडणं स्वस्त करून ठेवा. मी मुखपृष्ठ साध्या कागदावर खऱ्या मापात छापते, जुन्या पुस्तकाला गुंडाळते आणि कपाटात ठेवते. पडद्यावर झकास दिसणारी कितीतरी मुखपृष्ठं तिथे मेलेली मी बघितली आहेत.

आणि हे सगळं एकट्याने करू नका. स्केटर ‘स्केट’ नावाचा खेळ खेळतात: एकाने चाल करायची, दुसऱ्याने तीच करायची, चुकला की एक अक्षर, एस-के-ए-टी-ई पूर्ण झालं की बाद. यात कुणी मत देत बसत नाही, करून दाखवतो. सहकाऱ्याला ‘कसं वाटतं?’ विचारण्याऐवजी तुमची चाल त्याच्या कामावर करून बघायला सांगा. तो ती वाकडी करेल, बहुतेक वेळा तीच वाकडी आवृत्ती जास्त कामाची असते.

जागा कधी बदलायची? चाल तिथे विचार न करता जमायला लागली की. मग लगेच नवी जागा शोधायचीही गरज नाही. आधी पाय उलटे ठेवा, डावा पुढे असेल तर उजवा पुढे घ्या, आणि तिथेच पुन्हा करा. मी सध्या मागच्या पानावरच्या मजकुरापासून सुरुवात करून पुढे येते आहे.