थ्रीडीएसवरचं स्मॅश आज खेळायला घेताय? आधी अंगठा आवरा

माझ्या जुन्या थ्रीडीएसच्या, म्हणजे निन्टेंडोच्या हातात धरून खेळायच्या मशीनच्या, अंगठ्याने सरकवायच्या गोल पॅडवरचं रबर एकाच बाजूने गुळगुळीत झालंय, उजवीकडे कडेला. बाकी गेम खेळून पॅड असा झिजत नाही. ही सगळी कमाई ‘सुपर स्मॅश ब्रदर्स फॉर निन्टेंडो थ्रीडीएस’ची, वेगवेगळ्या गेममधली पात्रं एकमेकांना हाणतात त्या मारामारीच्या गेमची. गेम आला २०१४ मध्ये, आणि आल्या आल्याच पॅड मोडल्याच्या तक्रारी सुरू झाल्या होत्या. तेव्हा मी हसलो होतो. नंतर स्वतःच्या पॅडकडे नीट बघितलं आणि गप्प बसलो.

हे लिहितोय कारण भाच्याला माझं जुनं मशीन दिलं आणि त्याला पहिल्यापासून शिकवायची वेळ आली. शिकवताना लक्षात आलं की या गेमचे बहुतेक दोष गेमचे नाहीतच. टीव्हीवरची मारामारी तळहातावर मावेल इतकी दाबून बसवलीय, त्यामुळे शिवण जिथे-तिथे उसवते. त्यातले निम्मे दोष सेटिंगमध्ये दोन मिनिटांत मिटतात. उरलेल्यांसाठी अंगठ्याला नवी सवय लावावी लागते.

घेण्याआधी

गेमचं सेकंडहँड कार्ड घेणार असाल तर एक गोष्ट पक्की समजून घ्या. थ्रीडीएसचं ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये बंद झालं आणि ऑनलाइन खेळणं एप्रिल २०२४ मध्ये. नंतर विकत मिळणारे सात खेळाडू, म्हणजे म्यूटू, लुकस, रॉय, र्‍यू, क्लाउड, कॉरिन आणि बेयोनेटा, आता नव्याने घेता येत नाहीत. ज्याने तेव्हा घेतले त्याच्याकडेच ते आहेत. विकणारा ‘सगळे खेळाडू आहेत’ म्हणाला तर त्याचा अर्थ बहुधा ‘मूळ कार्डातले सगळे’ असा असतो. मला एकाने असंच सांगितलं होतं. क्लाउडसाठी घेतलेलं कार्ड उघडलं तर क्लाउड कुठेच नाही. ते खेळाडू कार्डावर नसतात, मशीनवर उतरवलेले असतात, हे तेव्हा मला कळायला हवं होतं.

म्हणून रडायचं कारण नाही. मूळ कार्डातच पन्नासच्या आसपास खेळाडू आहेत, आणि त्यातले बारा सुरुवातीला लपवलेले. सामने खेळत गेलं की नेस, फाल्को, वारिओ असे एकेक जण दार ठोठावत येतात, त्यांना हरवलं की आपले. घाई करू नका, या गेमची अर्धी मजा त्या अचानक येणाऱ्या आव्हानात आहे. फुकट मिळणारा अपडेट मात्र आधी उतरवून घ्या. दोघांना समोरासमोर खेळायचं तर दोघांकडे एकच आवृत्ती हवी. जुन्या आवृत्तीत साठवलेले सामने नव्या आवृत्तीत बघता येत नाहीत, तेवढं नुकसान सोसायचं.

आणखी एक: एका कार्डावर दोघांना खेळता येत नाही. प्रत्येकाचं मशीन वेगळं आणि कार्डही वेगळं. चार मित्र जमवायचे म्हणजे चार कार्डं. ही मला सगळ्यात खुपणारी गोष्ट आहे, आणि तिच्यावर इलाज नाही.

मशीन जुनं असेल तर गेम सुरू व्हायला वेळ घेतो आणि बंद केल्यावर मशीन स्वतःच पुन्हा सुरू होतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं बिघडलं. तसं काही नसतं. गेमला सगळी मेमरी हवी असते, म्हणून तो बाकीच्यांना घराबाहेर काढून मग बसतो. न्यू थ्रीडीएस या नंतरच्या मॉडेलवर हा त्रास नाही. त्यावर उजवीकडे ती छोटी राखाडी टिकली आहे, सी-स्टिक. तिने थेट स्मॅश अटॅक, म्हणजे मोठा फटका, मारता येतो, म्हणजे डाव्या पॅडला तेवढा आराम. निवडायची संधी असेल तर न्यूच घ्या.

पहिल्या पाच मिनिटांत करायच्या गोष्टी

थ्रीडीचा सरकता खटका खाली करून टाका. सेकंदाला साठ फ्रेम थ्रीडीमध्येही मिळतात, हे त्या लोकांचं खरंच कसब आहे, पण मारामारीत हात हलतो, डोळ्यांचा कोन सुटतो आणि चित्र दोन-दोन दिसायला लागतं. बॅटरीही वाचते.

मग बटणांच्या सेटिंगमध्ये जाऊन पॅड वर ढकलल्यावर उडी मारायची सोय, तिला टॅप जंप म्हणतात, बंद करा. उडीसाठी एक्स आणि वाय ही दोन बटणं आहेतच. असं का, ते पुढे येतंय.

आणि खेळाडूंभोवतीची काळी बाह्यरेखा. ती जाड, बारीक किंवा बंद ठेवता येते. फोटोत जाड रेषा भडक दिसते म्हणून मी सुरुवातीला बंद केली होती. चार जण एका कोपऱ्यात भिडले आणि माझा मार्थ कुठला नि समोरच्याची त्याच्यासारखीच दिसणारी लुसिना कुठली ते मलाच कळेना. जाडच ठेवा. मोठ्या स्टेजवर चौघे चार दिशांना पांगले की कॅमेरा इतका मागे जातो की खेळाडू मुंगीएवढे होतात, तेव्हा ती रेषाच तेवढी वाचवते. मोठ्या स्टेजपेक्षा त्यांची ओमेगा रूपं निवडा, म्हणजे चित्र तेच पण जमीन सपाट आणि लहान. पडद्याचा प्रश्न बराच सुटतो. कोणी किती मार खाल्लाय ते टक्के खालच्या पडद्यावर दिसतात. त्याची सवय व्हायला आठवडा लागतो, नजर खाली गेली की वर मार बसतो.

टिल्ट आणि स्मॅश, म्हणजे खरं दुखणं

स्मॅशमध्ये रक्ताची पट्टी नसते. मार खाल तसे टक्के वाढतात आणि टक्के वाढतील तसे तुम्ही दूर फेकले जाता. स्टेजच्या हद्दीबाहेर गेलात की बाद. त्यामुळे प्रत्येक वेळी जोरात मारणं म्हणजे शहाणपण नव्हे. कमी टक्क्यांवर छोट्या फटक्यांनी जवळ ठेवून कुटायचं आणि टक्के भरले की मोठा फटका.

गोची इथे आहे. ए बटणासोबत पॅड हळू ढकलला तर छोटा फटका, टिल्ट. झटक्याने ढकलला तर मोठा, स्मॅश. घरातल्या कंट्रोलरच्या काडीला भरपूर प्रवास असतो, त्यामुळे हळू आणि झटका यांतला फरक हाताला कळतो. थ्रीडीएसचा पॅड सरकतो जेमतेम. उत्साहात हळू असं काही उरतच नाही, सगळेच स्मॅश होतात. भाचा पहिले चार दिवस रोज हेच म्हणायचा, “मामा, मी हळूच ढकललं होतं!” ढकललं नव्हतं.

त्याला मी मारिओवर बसवलं, कारण मारिओचे दोन्ही फटके डोळ्यांना लगेच वेगळे कळतात. वर टिल्ट मारला की मारिओ गिरकी घेत मूठ वर मारतो. वर स्मॅश मारला की डोक्याने धडक देतो. मूठ की डोकं, बघा, बास. सराव असा: ट्रेनिंगमध्ये समोरच्याला नुसता उभा ठेवा. अंगठ्याचं टोक पॅडच्या मध्यावर नको, वरच्या कडेला टेकवा आणि ढकलण्याऐवजी रेलून द्या, दार उघडं आहे का ते खांद्याने बघतो तसं. पॅड वर गेल्यावर मग ए दाबा. दोन्ही एकदम नाही. दहापैकी आठ वेळा मूठ आली की थांबा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. टॅप जंप बंद केला तो यासाठीच, नाहीतर या सरावात मारिओ टणाटण उड्या मारत राहतो.

मूठ जमली की बक्षीसही लगेच मिळतं. समोरच्याचे टक्के कमी असताना मारिओची मूठ एकामागून एक तीन-चारदा लागते, तो खाली उतरायच्या आत पुन्हा वर. पकडून खाली आपटलं की त्यालाच जोडूनही लागते. भाच्याने मला या मुठीने पहिल्यांदा बाद केलं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. माझा नव्हता.

मग स्मॅश कसा मारायचा? पॅडला झटके न देता. दिशा धरून ए आणि बी एकदम दाबा, स्मॅश होतो. ही सोय अनेकांना वर्षानुवर्षं माहीतच नसते. मला आधी कळली असती तर पॅडची ती बाजू अजून खरखरीत असती.

कोणाला घेऊन खेळावं

या गेमचं खरं बळ इथे आहे, आणि इथे मी थोडा वाहवत जाणार. क्रॉसओव्हर म्हणजे नुसते ओळखीचे चेहरे एका पडद्यावर आणणं, असं बरेच गेम समजतात. इथे प्रत्येक जण आपापल्या गेमची चाल घेऊन आलाय. मेगा मॅन साध्या हल्ल्यात ठोसा मारत नाही, छोट्या गोळ्या सोडतो, चालता चालता सोडतो, उडीतही सोडतो, आपल्या जुन्या गेममध्ये सोडायचा तशाच. बाद झाला की त्याचा देह गोल ठिपक्यांमध्ये फुटतो, तोही तसाच. त्याला घेतलं की इतरांची सवय विसरावी लागते: जवळ जाऊन मारायचं नाही, गोळ्यांनी अंतर राखायचं. पॅक-मॅन रस्त्यावरचा फायर हायड्रंट, म्हणजे आग विझवायच्या पाण्याचा नळखांब, टाकतो आणि फळं फेकतो. प्रत्येक फळाचा मार्ग वेगळा, पाठ केल्याशिवाय उपयोग नाही. सुरुवातीला त्याच्या नादी लागू नका.

लिटल मॅक फसवा आहे. जमिनीवर त्याचे ठोसे बघून वाटतं हाच घ्यावा. पण हवेत तो निम्मासुद्धा उरत नाही, आणि स्टेजबाहेर ढकलला गेला की परत येणं कठीण. सपाट स्टेजवर नवख्यांना तो राजा वाटतो. त्याच्या विरुद्ध खेळताना एकच करा: कडेला न्या आणि पकडून बाहेर फेका.

र्‍यू तुमच्या मशीनवर असेल तर त्याच्यासाठी वेगळा सूर लावावा लागेल. हडोकेन, म्हणजे त्याचा ऊर्जेचा गोळा, नुसत्या बी बटणानेही सुटतो, पण जुन्या पद्धतीने, खाली-तिरकं-पुढे फिरवून मारला तर जास्त जोरदार. मोठी पंचाईत अशी की ते फिरवायला हवी असते अधिक चिन्हाची बटणं, आणि या गेममध्ये ती फक्त खिजवण्याच्या अदांसाठी राखून ठेवलीत, चालणं त्यांच्यावर लावताच येत नाही. गोल पॅडवर ते फिरवणं म्हणजे ओल्या साबणावर सही करणं. मी नाद सोडला, बी दाबतो.

मशीनच्या मर्यादेने काही जण आलेच नाहीत. आइस क्लाइंबर्सची जोडी गाळावी लागली ती थ्रीडीएसला पेलत नव्हती म्हणून, असं दिग्दर्शक मासाहिरो साकुराईंनीच सांगितलं होतं. झेल्डा आणि शीक आता एकमेकींत बदलत नाहीत, दोन वेगळ्या खेळाडू आहेत. खेळताना नीट बघितलंत तर बाहेरून बोलावलेले पोकेमॉन इतरांपेक्षा ठेचकाळत हलताना दिसतील, ते निम्म्याच फ्रेमवर चालतात. एकदा दिसलं की दिसतच राहतं, सांगितल्याबद्दल क्षमस्व.

एकट्याने खेळताना

कथा नाही. क्लासिक या प्रकारात नाणी लावून कठीणपणा ९.० पर्यंत वाढवता येतो. सराव म्हणून तो ठीक आहे. पाचच्या पुढे गेलात की आपल्या ढालीतल्या, म्हणजे मार अडवण्यातल्या, चुका कळायला लागतात.

स्मॅश रन हा प्रकार फक्त थ्रीडीएसवर आहे, आणि माझा त्याच्यावर जीव आहे, रागही तेवढाच. एका प्रचंड चक्रव्यूहात पाच मिनिटं शत्रू मारत ताकद गोळा करायची: वेग, उडी, हल्ला वगैरे सहा प्रकार. शेवटी चौघांची गाठ. पण त्या पाच मिनिटांत चौघे एकमेकांना दिसतही नाहीत, आणि शेवटची लढत कोणती ते आधी सहसा कळत नाही. मी पाच मिनिटं हल्ल्याची ताकद वेचली आणि शेवटी निघाली उंच चढायची शर्यत, असं कित्येकदा झालंय. म्हणून आता पहिली दोन मिनिटं वेग आणि उडीच गोळा करतो, उरलेली तीन हल्ला. लढत आली तरी वेगवान माणूस पळून तरी जाऊ शकतो.

खेळाडूंच्या खास चालींचे वेगळे प्रकार मिळवण्यासाठी मात्र जीव आटवू नका. ते नशिबाने मिळतात, आणि तेच तेच पुन्हा मिळतात. पलुटेना या खेळाडूकडे सगळे पहिल्यापासून असतात. त्या कल्पनेची चव घ्यायची तर तिलाच घ्या.

भाच्याकडे आता न्यू थ्रीडीएस आहे. टिल्टसाठी पॅड आणि स्मॅशसाठी ती टिकली, असं त्याने स्वतःच वाटून घेतलंय. परवा खेळताना मी घाईत सलग तीनदा डोक्यानेच धडक मारली, तर पडद्यावरून नजर न काढता म्हणाला, “मामा, मूठ. मूठ.”