जुन्या सायकलला घरी मोटर बसवताय? या चुका टाळा

ग्वाल्हेरात, विशेषतः लष्कर भागातल्या जुन्या घरांत, २८ इंची काळी सायकल अजून उभी असते. तिला मोटरचं किट बसवून पुन्हा रस्त्यावर आणणं हे फार चांगलं काम आहे. पण बहुतेक जण सगळा खर्च आणि विचार मोटर-बॅटरीवर करतात आणि सायकल तशीच ठेवतात. खरे बिघाड तिथूनच सुरू होतात.

ब्रेकचंच बघा. जुने रॉड ब्रेक रिमला आतून, आऱ्यांच्या बाजूने पकडतात. किटच्या चाकाची रिम बहुधा वेगळी असते, तिला हे ब्रेक नीट लागत नाहीत. मग पुढचा ब्रेक काढून नुसत्या मागच्यावर सायकल हाकली जाते. कृपा करून असं करू नका. पुढे केबलचा कॅलिपर ब्रेक बसवा आणि किटसोबतचे लिव्हरच वापरा, कारण ते दाबताच मोटरही बंद होते.

सर्वांत घातक चूक आसाची. हब मोटर, म्हणजे चाकाच्या मधोमध बसणारी मोटर, चाकाला पुढे ढकलते तेव्हा तितक्याच जोराने स्वतःचा आस उलटा पिळते. आस फोर्कच्या (चाक धरणाऱ्या दुबेळक्याच्या) खाचेत बसत नाही म्हणून लोक खाच कानशीने घासतात, कधी आसाच्या सपाट बाजूही घासतात. मग पकड जाते, आस खाचेत फिरतो, वायर पिळून तुटते आणि पुढचं चाक असेल तर ते निखळूही शकतं. नुसते नट आवळून भागत नाही. टॉर्क आर्म, म्हणजे आसाला धरून ठेवणारी पोलादी पट्टी, लावायलाच हवी. फोर्क गंजलेला किंवा चिरलेला असेल तर आधी तो बदला. पहिल्या काही फेऱ्यांनंतर नट पुन्हा आवळून घ्या.

बॅटरीवर ‘३६ व्होल्ट’ लिहिलंय म्हणून ३६ व्होल्टचा कुठलाही चार्जर चालत नाही. असा, म्हणजे दहा सेलच्या मालिकेचा, लिथियम-आयन पॅक ४२ व्होल्टला पूर्ण भरतो. त्याला लेड-ॲसिडचा चार्जर लावणं म्हणजे आगीला आमंत्रण. शिवाय असे बहुतेक सेल ४५ अंशांपर्यंतच चार्ज करायचे असतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात दुपारची हवाच तिथवर पोचते. उन्हातून आल्यावर पॅक थंड होऊ द्या, सकाळी जागेपणी चार्ज करा, जिन्याखाली मात्र नको. आग लागली तर बाहेर पडायची वाटच बंद होईल. बॅटरीच्या अगदी जवळ, धन तारेवर फ्यूज हवाच.

सगळं जोडलं, दिवा लागला, पण मोटर फिरत नाही? लगेच कंट्रोलर, म्हणजे मोटरला वीज मोजून देणारा डबा, बदलायला धावू नका. चाक उचलून धरा आणि ब्रेक लिव्हरचे कनेक्टर सोडून बघा. फिरली तर लिव्हरचा स्विच अडकलाय. तो दुरुस्त करून कनेक्टर परत जोडा. मोटर नुसते झटके देत असेल तर मोटरच्या तीन जाड वायरी आणि हॉल सेन्सरचा (मोटर कुठवर फिरली ते कंट्रोलरला कळवणाऱ्या सेन्सरचा) कनेक्टर तपासा, एखादी पिन मागे सरकलेली असते. किल्ल्याच्या उरवाई दरवाजाच्या चढावर मोटर बंद पडते, पण सपाटीवर नीट चालते, तेव्हा बहुधा भाराखाली बॅटरीचा व्होल्टेज कोसळतो. चढावर पेडल मारत राहा; मंद गतीत मोटर नुसती तापते.

मोठ्या वॅटच्या किटचा मोहही नको. मोटर वाहनाच्या नियमांतून सुटायचं असेल तर शक्ती २५० वॅटपेक्षा आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असावा लागतो.