बूट घ्यायला संध्याकाळी जा

टाच किंवा गुडघा दुखत असेल तर बूट संध्याकाळी घ्या. दिवसभरात पाय थोडे फुगतात, त्यामुळे सकाळी नीट बसलेला बूट रात्री चावतो. दोन्ही पायांत घालून उभे राहा; एक पाऊल बहुधा किंचित मोठं असतं. अंगठ्यापुढे साधारण १ सेंमी जागा हवी. मग बूट हातात घेऊन वाकवा. बोटांच्या मुळाशी वाकला तर ठीक; मधोमध दुमडला किंवा फडक्यासारखा पिळला गेला तर परत ठेवा, दुकानदार ‘एकदम सॉफ्ट आहे’ म्हणाला तरी. टाचेमागची बाजू दाबल्यावर चेपता कामा नये. आणि हो, टाच दुखत असताना घरात फरशीवर अनवाणी फिरू नका. घरात घालायला जाड तळाची वेगळी चप्पल ठेवा.